कंपनी फुटली

मस्कतच्या मामांनी आणलेली ‘रेन इन ब्लड’ची कॅसेट बिघडलेली आहे, अशी पहिले दोन दिवस आमची खात्री होती. एक बाजू संपली म्हणून उलटवावी, तर दुसऱ्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून तीच गाणी. मित्र हिरमुसला होता. एवढ्या लांबून आलेली, छापील कव्हरची अस्सल कॅसेट, आणि अर्धी वाया. मग गाण्यांची यादी नीट वाचताना उलगडा झाला. स्लेयरच्या त्या अल्बममध्ये दहाच गाणी होती आणि ती २९ मिनिटांत संपत होती. अख्खा अल्बम एका बाजूला मावत होता, म्हणून दोन्ही बाजूंना अख्खाच भरला होता.

“संपला विषय,” मित्र म्हणाला. “याच्यापुढे थ्रॅशमध्ये कुणी काही करायचं उरलंच नाही.”

“आधी ‘रस्ट इन पीस’ ऐक, मग बोल,” मी म्हणालो.

डोंबिवलीतली १९९३ची दिवाळीची सुट्टी होती ती. विषय अजून संपलेला नाही.

ज्यांनी हे थ्रॅश मेटल संगीत ऐकलेलं नाही त्यांच्या कानावर पहिल्यांदा नुसता कल्लोळ येतो. त्या कल्लोळाच्या आत हाताचं फार बारीक काम चाललेलं असतं. उजव्या तळव्याची कड गिटारच्या घोडीजवळ तारांवर टेकवायची. त्यामुळे सूर लांबत नाही, उमटल्या उमटल्या तुटतो. आणि पिक मारायची ती वरून खाली. खाली-वर, खाली-वर मारली तर निम्म्या कष्टात तेवढाच वेग मिळतो, पण मग प्रत्येक ठोक्याचं वजन सारखं राहत नाही. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे साडेआठ मिनिटांचं गाणं त्या वेगात जवळजवळ सगळं वरून खाली वाजवतो. माझ्या मित्राच्या थोरल्या भावाकडे गिटार होती. आम्ही तो रिफ वाजवून पाहिला. पहिल्या मिनिटातच मनगट पेटलं. त्या दिवशी कळलं, की ज्याला सगळे आरडाओरडा म्हणतात ती आधी एक मेहनत आहे.

ब्रिटनमधल्या डायमंड हेड, मोटरहेड, व्हेनम अशा बँड्सचं वजन आणि अमेरिकन हार्डकोर पंकची घाई एकत्र आली, आणि हे संगीत उभं राहिलं. १९८१ साली लॉस एंजेलिस भागात मेटॅलिका आणि स्लेयर सुरू झाले, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये अँथ्रॅक्स. १९८३ मध्ये मेगाडेथ. या चौघांना ‘बिग फोर’ म्हणायची पद्धत पडली, आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटलं. चारच का? हेच चार का? चारांत पहिला कोण?

आमचं भांडण माझ्या आजोबांच्या खोलीशेजारी चालायचं. ऐंशी ओलांडलेले, मूळचे कोल्हापूरचे आजोबा. एके दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “कोण कुणापेक्षा चांगला, एवढंच सांगा. मला नावं कळत नाहीत, पण आवाज ओळखीचा वाटतो.”

मी सांगितलं. मेटॅलिकात डेव्ह मस्टेन नावाचा गिटारवाला होता. फार तयारीचा, पण फार पिणारा आणि हात उगारणारा. पहिला अल्बम रेकॉर्ड करायला सगळी पोरं गाडीनं अमेरिका आडवी ओलांडून न्यूयॉर्कला आली. तिथं ११ एप्रिल १९८३च्या सकाळी त्याला झोपेतून उठवून सांगितलं, तू आता बँडमध्ये नाहीस. हातात कॅलिफोर्नियाच्या बसचं तिकीट दिलं. चार दिवसांचा प्रवास. त्या बसमध्ये त्याला एक पत्रक सापडलं. अण्वस्त्रांच्या विरोधातलं, एका सेनेटरचं. त्यातला एक शब्द त्याच्या डोक्यात बसला, आणि त्यातून पुढे मेगाडेथ हे नाव निघालं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे कंपनी फुटली,” ते म्हणाले.

इतकं नेमकं त्याआधी आणि त्यानंतर कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या लहानपणी घराघरांत हीच चर्चा असायची. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. कोण कुणाला घेऊन गेला, कुठलं पद कुणाच्या गळ्यातलं, चाल कुणाची, जुन्या कंपनीत आता राहिलंय काय. माझे पणजोबा प्रतिस्पर्धी गायक-नट केशवराव भोसल्यांच्या पक्षाचे, शेजारचे बालगंधर्वांच्या. आजोबा म्हणाले, दोन्हीकडच्या लोकांना सगळी पदं पाठ होती; ज्यांना पाठ नव्हती त्यांना वादात घेत नसत.

हा नियम आम्ही तिथल्या तिथं उचलला. ऐकलेलं नसेल तर बोलायचं नाही.

कंपनी फुटली हे एकदा मान्य केलं की बिग फोरची गोष्ट वेगळीच दिसायला लागते. मस्टेन गेला, पण त्याची गाणी राहिली. ‘किल एम ऑल’ या मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बममधल्या चार गाण्यांवर त्याचं नाव आहे, पुढच्या ‘राइड द लाइटनिंग’मधल्या दोन गाण्यांवर आहे. त्यातलं ‘द फोर हॉर्समेन’ त्यानं आधी ‘मेकॅनिक्स’ म्हणून केलं होतं. मेटॅलिकानं ते संथ केलं, मधे एक भाग घातला, शब्द बदलले. मस्टेननं १९८५ मध्ये आपल्या पहिल्या अल्बममध्ये तेच जुन्या नावानं, जास्त वेगानं पुन्हा वाजवलं. एकच रिफ, दोन घरांत. आम्ही दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून ती दोन गाणी आलटून पालटून ऐकायचो. मेटॅलिकाचं गाणं रचनेनं मोठं आहे, हे मी मेगाडेथचा असूनही तेव्हाच मान्य केलं होतं. पण मस्टेनच्या वाजवण्यात जी चीड आहे ती ऐकल्यावर रचना वगैरे शब्द तोंडातून निघत नाहीत.

मस्टेनच्या जागी कर्क हॅमेट आला. तो एक्झोडसचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचा. एक्झोडस सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. येताना तोही रिकाम्या हातानं आला नाही. ‘क्रीपिंग डेथ’ या गाण्याचा मधला भाग, जिथं हजारो लोक मुठी वर करून एका तालात ओरडतात, तो मुळात एक्झोडसच्या जुन्या गाण्यातला. मेटॅलिकाचं सगळ्यात मेटॅलिकाचं वाटणारं ते ठिकाण दुसऱ्या घरातून आलेलं आहे. एवढ्यावर हे थांबत नाही. १९८४ मध्ये स्लेयरचा केरी किंग काही कार्यक्रमांपुरता मेगाडेथमध्ये वाजवून गेला होता. जेफ हॅनमन आजारी पडल्यावर २०११ पासून स्लेयरमध्ये उभा राहिला तो एक्झोडसचा गॅरी होल्ट. हॅमेट आणि टेस्टामेंटचा ॲलेक्स स्कोल्निक हे दोघे एकाच गुरूचे, बर्कलीत गिटार शिकवणाऱ्या जो सॅट्रिआनीचे शिष्य. आम्ही ज्यांच्या नावानं एकमेकांशी अबोला धरायचो ते सगळे एकमेकांच्या घरात जेवून उठलेले होते.

मेटॅलिकाची पोरं १९८३ मध्ये न्यूयॉर्कला आली तेव्हा क्वीन्समधल्या एका तालमींच्या इमारतीत जमिनीवर झोपत होती, थंड सॉसेज तसंच खात होती. अँथ्रॅक्सची तालीम तिथंच चालायची. त्यांनी या पाहुण्यांना एक फ्रिज आणि छोटी भट्टी आणून दिली. ‘चारांत अँथ्रॅक्स कशाला, त्या जागी एक्झोडस हवा’ असं कुणी म्हणालं की मला पहिल्यांदा ती भट्टी आठवते. हा काही संगीतातला मुद्दा नाही, मला मान्य आहे. संगीतातला मुद्दा असा, की अँथ्रॅक्सनं थ्रॅशला न्यूयॉर्कचा रस्ता दाखवला. बाकीचे मरण, युद्ध, अणुबॉम्ब यांत बुडालेले असताना हे लोक कॉमिक्समधल्या जज ड्रेडवर गाणं करत होते, आणि १९९१ मध्ये त्यांनी पब्लिक एनिमी या रॅप गटाबरोबर ‘ब्रिंग द नॉइझ’ केलं. गोऱ्या मेटलवाल्यांनी आणि काळ्या रॅपवाल्यांनी मिळून एकाच दौऱ्यात वाजवणं तेव्हा सोपं नव्हतं. त्यांचा ‘अमंग द लिव्हिंग’ मी आजही पुरा ऐकतो, मधलं गाणं न गाळता.

एक्झोडसवर अन्याय झाला हे मात्र खरं. ‘बॉन्डेड बाय ब्लड’ १९८४च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड झाला आणि बाजारात आला १९८५च्या एप्रिलमध्ये. आठ-नऊ महिने. थ्रॅशमध्ये त्या दिवसांत आठ-नऊ महिने म्हणजे एक पिढी. तोवर मेटॅलिकाचा दुसरा अल्बम येऊन गेला होता. तो वेळेवर आला असता तर चारांची नावं वेगळी असती का? मित्राचं उत्तर, ‘शंभर टक्के’. माझं मत असं, की त्यांचा गायक पॉल बॅलॉफच्या ओरडण्यात जी खरीखुरी गल्ली होती ती मोठ्या स्टेडियममध्ये मावली नसती. तो २००२ मध्ये गेला. त्याच्या आवाजावर मी कधीच वाद घातला नाही.

मित्राचा पक्ष स्लेयरचा, आणि तो भक्कम होता. टॉम अराया चिलीत जन्मलेला, डेव्ह लोम्बार्डो क्यूबात. अराया दवाखान्यात रुग्णांच्या श्वसनोपचाराचं काम करायचा. पहिल्या अल्बमचा खर्च त्याच्या साठवलेल्या पगारातून आणि किंगच्या वडिलांकडून घेतलेल्या उसन्या पैशांतून भागला. ‘रेन इन ब्लड’ केला रिक रुबिननं, जो तोवर रॅपचे रेकॉर्ड काढत होता. त्यानं आवाजातला सगळा घुमारा काढून टाकला. दुसरे अल्बम मोठ्या सभागृहात वाजल्यासारखे येतात. हा कानापासून हातभर अंतरावर वाजतो. आणि लोम्बार्डोचे पाय! ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये सगळी वाद्यं थांबतात आणि दोन पायांनी दोन बास ड्रम एकटे धावतात, त्या काही सेकंदांसाठी मित्र कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा.

त्याच गाण्यावरून आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. ते गाणं आउशवित्झमधल्या योसेफ मेंगेले या डॉक्टरवर आहे, त्यानं कैद्यांवर केलेल्या प्रयोगांवर. कोलंबिया कंपनीनं तो अल्बम वितरित करायला नकार दिला होता. गेफन कंपनीनं तो घेतला. गाणं लिहिणाऱ्या हॅनमनची भूमिका अशी, की हा माणूस राक्षस होता हे वेगळं सांगायची गरजच काय. मित्राला ती पटायची. मला पटत नव्हती. कॉलेजच्या वाचनालयात मी त्या छावण्यांची छायाचित्रं पाहिली होती, आणि त्या ठेक्यावर मान हलवताना माझी मान अडायची. आम्ही तीन आठवडे बोललो नाही. लोकलमध्ये समोरासमोर बसून दोन वेगळ्या खिडक्यांकडे बघायचो. आज मला त्या वादात माझी बाजू बरोबर वाटते, आणि ते गाणं थोर वाटतं. दोन्ही वाटणं एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. हे मला मित्रानं शिकवलं नाही, त्या तीन आठवड्यांनी शिकवलं.

माझा पक्ष मेगाडेथचा, आणि माझा पुरावा ‘रस्ट इन पीस’, १९९०. मार्टी फ्रीडमनच्या गिटारमध्ये अशा वळणाच्या सुरावटी आहेत, ज्या रॉकच्या नेहमीच्या पट्टीत बसत नाहीत. अर्ध्या सुराला तो वाकवून पोचतो, थेट पाय ठेवत नाही. ड्रमवरचा निक मेन्झा जाझ सॅक्सोफोनवादकाचा मुलगा. मेगाडेथच्या पहिल्या दोन अल्बममधले गिटारवाला आणि ड्रमवालाही जाझच्याच वाटेनं आलेले. म्हणून मेगाडेथचा वेग स्लेयरसारखा सरळ रेषेत पळत नाही, तो गुंततो. मित्र म्हणायचा, “हा डोक्यानं वाजवतो.” मी म्हणायचो, “मग?”

पण मस्टेनची खरी जखम कळली ती फार उशिरा, ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या मेटॅलिकावरच्या माहितीपटात. मेटॅलिकाच्या लार्स उलरिकसमोर बसलेला मस्टेन. लाखांनी अल्बम खपलेला, जगभर हिंडलेला माणूस, आणि त्याच्या मनातून ती बस अठरा वर्षांनीही उतरलेली नाही. आयुष्यभर दुसऱ्या क्रमांकाचा म्हणून जगल्याचं तो सांगतो. ते पाहताना मला एकदम अवघडल्यासारखं झालं. ‘पहिला कोण’ हा आमचा प्रश्न आमच्यासाठी सुट्टीतली दुपार होती. त्याच्यासाठी तो घरातला प्रश्न होता.

२२ जून २०१० रोजी बल्गेरियात, सोफियाच्या स्टेडियममध्ये, चारही बँड एका मंचावर आले आणि त्यांनी डायमंड हेडचं ‘ॲम आय ईव्हल’ मिळून वाजवलं. स्लेयरकडून एकटा लोम्बार्डो आला. हेटफिल्डनं मस्टेनला मिठी मारली. तोवर मित्र कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. मी डीव्हीडी मागवून पाहिली आणि रात्री दीड वाजता त्याला फोन केला. मला आजोबांनी सांगितलेला ‘संयुक्त मानापमान’ आठवत होता. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन पक्षांच्या लोकांनी एकमेकांच्या माणसाला दाद दिली, असं आजोबा सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. तीन महिन्यांत केशवराव गेले. सोफियानंतर तीन वर्षांनी हॅनमन गेला. मित्राचा दुसऱ्या दिवशी फोन आला. रडत नव्हता, पण बोलतही नव्हता. मी ‘रेन इन ब्लड’ लावला आणि फोन स्पीकरजवळ धरला. २९ मिनिटं.

३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बेंगळुरूत वाजवणार होती, त्यांचा भारतातला पहिला कार्यक्रम. पॅलेस ग्राउंड्सच्या बाहेर रांगेत मी पाच तास उभा होतो. पुढे शिलाँगची दोन पोरं, मागे नागपूरचा एक प्राध्यापक. तासाभरात वाद पेटला. शिलाँगच्या पोराचं म्हणणं, जर्मनीचे क्रिएटर आणि सोडम मोजल्याशिवाय चारांची भाषाच करू नका. कोळशाच्या खाणीत काम केलेल्या माणसाच्या आवाजापुढे कॅलिफोर्नियाच्या उन्हातली पोरं काय? त्याला सगळं पाठ होतं. त्याला वादात घ्यावंच लागलं.

आणि मग क्लिफ बर्टन. त्याच्यावर वाद होत नाही, वाद त्याच्यापाशी येऊन थांबतो. मेटॅलिकाचा बासवाला. त्याला घ्यायचं म्हणून अख्खा बँड लॉस एंजेलिस सोडून खाडीकिनारी राहायला आला, कारण तो हलायला तयार नव्हता. २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये दौऱ्याची बस रस्त्यावरून घसरून उलटली आणि तो तिच्याखाली गेला. वय २४. त्या रात्री झोपायच्या जागेसाठी त्यानं आणि हॅमेटनं पत्ते ओढले होते. बर्टनला इस्पिकचा एक्का आला, म्हणून ती जागा त्याची.

त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, तोही दुसऱ्या थ्रॅश बँडमधून उचललेला. १९८८ मध्ये ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ आला. त्या अल्बममध्ये बास ऐकूच येत नाही. गिटार आहेत, ड्रम आहेत, आणि मधे जिथं बास हवी तिथं जागा आहे. मिक्सिंग करणाऱ्यांपैकी एकानं पुढे मुलाखतीत सांगितलं, की बँडकडूनच तसं सांगण्यात आलं होतं. नव्या माणसाला आपण वाईट वागवलं, हेही बँडनं नंतर कबूल केलंय. मित्र बास वाजवायचा, कॉलेजच्या बँडमध्ये. त्याला ती गाणी बसवायची होती आणि ऐकायला काहीच नव्हतं. कान स्पीकरला लावून, बाकीचं सगळं बंद करून तो ती बास शोधायचा. शेवटी त्यानं ती स्वतःच रचली. गॅदरिंगला वाजवली. मी त्या रात्री त्याला म्हणालो होतो, की न्यूस्टेडनं याहून चांगलं केलं असेल असं मला वाटत नाही.

२०१९ मध्ये कामानिमित्त मी कॅलिफोर्नियात गेलो. मित्रानं रविवारी गाडी काढली. एल सेरिटोत मेटॅलिकाची पोरं जिथं एका भाड्याच्या घरात राहिली त्या रस्त्यावरून गेलो, मग सॅन पाब्लो ॲव्हेन्यूवरून बर्कलीत, जिथं रूथीज इनमध्ये एक्झोडस वाजवायचे. मग हायवे ५८० धरून कॅस्ट्रो व्हॅलीकडे. बर्टनचं गाव. आदल्या वर्षी अलामेडा काउंटीनं १० फेब्रुवारी, त्याचा वाढदिवस, क्लिफ बर्टन दिवस म्हणून जाहीर केला होता. मित्राची मुलगी मागे बसून आमचं ऐकत होती. वाटभर वाद चालूच होता. एक्झोडस की अँथ्रॅक्स, लोम्बार्डो की मेन्झा.

मग त्यानं ‘ब्लॅकन्ड’ लावलं. ‘जस्टिस’मधलं पहिलं गाणं, त्या अल्बममधलं एकमेव, ज्यावर न्यूस्टेडचं नाव आहे. गिटार सुरू झाल्या. ड्रम आले. आणि मित्रानं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, तोंडानं बास भरायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांपूर्वी रचलेली, एकही जागा न चुकता. गाणं जवळजवळ पावणेसात मिनिटं चाललं. मागून मुलीनं विचारलं, “बाबा, हे रेकॉर्डमध्ये आहे का तुम्ही म्हणताय?”

“ऐक नीट,” तो म्हणाला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.